घोड्यांचा डॉक्टर निघाला बुखाऱ्याला

विल्यम मूरक्रॉफ्ट हा आपल्या मेकॅनिकलवाल्यांना जवळचा वाटावा असा माणूस. जन्म १७६७, इंग्लंडातल्या लँकेशायरचा. माणसांची शस्त्रक्रिया शिकता शिकता घोड्यांकडे वळला, फ्रान्सला जाऊन पशुवैद्य झाला. लंडनमध्ये प्रॅक्टिस जोरात होती, पण यंत्रावर घोड्यांचे नाल बनवायचं खूळ डोक्यात शिरलं. पेटंट घेतलं आणि पैसा बुडाला!

१८०८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने त्याला बिहारमधल्या पुसाला घोड्यांच्या पैदाशीवर नेमलं. फौजेसाठी दमदार घोडे मध्य आशियातच मिळतील, हे त्याच्या मनाने घेतलं. १८१२ मध्ये तो गोसाव्याच्या वेशात, हिअर्सी या सोबत्याबरोबर, नीती खिंडीतून तिबेटात शिरला. गोसावी तेव्हा व्यापारही करत, म्हणून हे सोंग.

घोडे राहिले बाजूला, गारटोकला त्याने घेतल्या शेळ्या! चांगथांगच्या चौदा हजार फुटांवरच्या पठारावर भटके चांगपा पशुपालक राहतात. तिथल्या थंडीमुळे शेळीच्या राठ केसांखाली मऊ लोकर येते; वसंतात ती विंचरून काढायची. हाच पश्मिना. १६८४ च्या तहापासून हा माल लडाखमार्गे फक्त काश्मीरला जायचा. वेश पालटून दुसऱ्याच्या बाजारात घुसणं मला काही पटत नाही, पण हिंमत मानावी लागते. मानसरोवर पाहून परतताना कुमाऊंत गोरख्यांनी त्याला पकडलं, नंतर सोडलं. स्कॉटलंडला पाठवलेल्या शेळ्यांचा प्रयोग मात्र फसला.

१८१९ मध्ये तो पुन्हा निघाला, बरोबर तरुण जॉर्ज ट्रेबेक. लेहला दोन वर्षं मुक्काम. तिथे मोतीबिंदूची ऑपरेशनं केली आणि कलकत्त्याच्या व्यापाऱ्यांच्या वतीने लडाखशी करारही केला. कंपनीने तो झटकून टाकला. खरं तर इतक्या लांब एकटा सोडलेल्या माणसाला निदान पाठिंबा तरी द्यायचा!

काश्मीर, काबूल करत फेब्रुवारी १८२५ मध्ये बुखारा गाठलं. सहा वर्षं ज्यांच्यासाठी पायपीट केली ते घोडे तिथे हवे तितके मिळेनात. म्हणून परतताना तुर्कमेनांच्या मुलखाकडे, अंदखोयला वळला आणि ऑगस्टमध्ये तिथेच तापाने गेला. काही महिन्यांत ट्रेबेकही गेला. वह्या तेवढ्या वाचल्या, १८४१ मध्ये छापून निघाल्या. काश्मिरी शाल लोकर निवडण्यापासून मागापर्यंत कशी बनते, याचं बारीक वर्णन त्यांत आहे.