नांगराचे कारखानदार लक्ष्मणराव किर्लोस्कर



अंबरनाथची एम.आय.डी.सी. आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली आहे. उल्हासनगरात तर गल्लीगल्लीत काही ना काही बनत असते. कुठे कपडे शिवतात, कुठे फर्निचर करतात. हे धंदे पहिल्यांदा कोणाला तरी सुचलेच असतील ना? मग धंदा सुचतो तरी कसा? तो फक्त पैसेवाल्यांनाच सुचतो का? याचे उत्तर थोर कारखानदार लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांच्या चरित्रात सापडते.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. शाळेच्या पुस्तकात त्यांचे मन फारसे रमत नसे. चित्रे काढायची आणि यंत्रांशी खटपट करायची, या दोन गोष्टींची मात्र त्यांना भारी आवड. १८८५ साली ते चित्रकला शिकायला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. वडिलांना हे पसंत नव्हते. पण थोरले भाऊ रामूअण्णा यांनी पैशाची मदत केली.

दोन वर्षे गेली आणि एक मोठीच अडचण उभी राहिली. लक्ष्मणरावांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत, असे लक्षात आले. चित्रकाराला रंगच ओळखता आले नाहीत तर कसं व्हायचं? चित्रकला सोडावी लागली. दुसरा एखादा रडत घरी गेला असता. लक्ष्मणरावांनी विचार केला, की रंग जमत नसले तरी रेघा तर जमतात! ते यंत्रांची चित्रे, म्हणजे आराखडे काढायला शिकले. पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते हाच विषय शिकवू लागले.

त्या काळी सायकल ही मोठी नवलाईची चीज होती. मुंबईत लक्ष्मणराव स्वतः सायकल चालवायला शिकले. मग त्यांच्या डोक्यात आले, की मुंबईत जे मिळते ते बेळगावात मिळत नाही. ते मुंबईहून सायकली पाठवत आणि बेळगावात रामूअण्णा त्या विकत. नुसत्या विकतच नसत, तर गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवत. बघा, चालवता येत नसेल तर महागाची सायकल घेणार कोण? म्हणून विकणे आणि शिकवणे दोन्ही एकाच दुकानात. १८८८ साली सुरू झालेल्या या दुकानापासूनच किर्लोस्करांच्या उद्योगाची सुरुवात धरतात.

पुढे मुंबईच्या नोकरीत लक्ष्मणरावांची बढतीची पाळी आली, पण ती जागा दुसऱ्याला मिळाली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला भावाजवळ आले. नोकरी सोडणे सोपे नव्हते. महिन्याच्या महिन्याला येणारा पगार बंद झाला. आता जे काही कमवायचे ते आपल्याच हाताने.

बेळगावच्या आसपास सगळी शेती. गुरांना ज्वारीचा कडबा घालतात हे त्यांनी पाहिले. अख्खी पेंढी टाकली की गुरे पाने आणि कोवळा भाग खातात, जाड ताटे तशीच टाकून देतात. निम्मा चारा पायाखाली जातो. तोच कडबा बारीक तुकडे करून घातला तर गुरे सगळा खातात. म्हणून लक्ष्मणरावांनी कडबा कापण्याचे यंत्र बनवले. ही अडचण गावात सगळ्यांनाच दिसत होती. तिच्यावर काही करता येईल, हे त्यांनी ओळखले.

मग ते नांगराकडे वळले. लाकडी नांगराने जमीन वरवर उकरली जाते. हरळी आणि कुंदा यांची मुळे खोल तशीच राहतात. लोखंडी नांगर खोल जातो, माती उलटी करतो आणि मुळे वर काढतो. असे नांगर परदेशातून येत. ते आपल्याकडेच बनवायचे, असे लक्ष्मणरावांनी ठरवले आणि १९०३ च्या सुमारास नांगर तयार केला. पण घेणार कोण? लोखंड लागले की जमिनीला विष चढते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली! शेतकऱ्यांना हसू नका हं. ज्याचे सगळे घर एका पिकावर चालते तो नव्या वस्तूला घाबरणारच. एक हंगाम बुडाला तर पोरांना खायला काय घालणार? त्यांची भीती जायला वेळ लागणार होता. लक्ष्मणरावांनी तेवढा धीर धरला. हळूहळू नांगराचा गुण लोकांना पटला आणि मागणी वाढत गेली.

कुठे बस्तान बसते न बसते तोच दुसरे संकट आले. बेळगावच्या नगरपालिकेला त्यांच्या कारखान्याची जागा नव्या वस्तीसाठी हवी होती. जागा सोडावी लागणार होती. जड यंत्रे घेऊन जायचे कुठे? अशा वेळी औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळची ३२ एकर जमीन दिली आणि १०,००० रुपये कर्जाऊ दिले. जमीन कसली, नुसते माळरान! सगळीकडे निवडुंग आणि त्यात नाग. पण शेजारून आगगाडी जात होती. लोखंड आणि कोळसा आणायला, तयार नांगर पाठवायला ती सोय मोठी होती. १९१० साली लक्ष्मणरावांनी माणसे बरोबर घेऊन माळ साफ केला आणि तेथे कारखाना व वस्ती उभी केली. तीच किर्लोस्करवाडी. आज ती सांगली जिल्ह्यात आहे. वाडीत जातीवरून शिवाशीव पाळू द्यायची नाही, असा लक्ष्मणरावांचा कटाक्ष होता. तुरुंगवास भोगून आलेल्या माणसांवर विश्वास टाकून त्यांनी त्यांना पहाऱ्याचे काम दिले.

नांगरानंतर उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याचे यंत्र, पाण्याचे पंप अशा अनेक वस्तू तेथे होऊ लागल्या. प्रत्येक वस्तूमागे शेतकऱ्याची एकेक अडचण होती. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही कंपनी स्थापन झाली. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव वारले. पण पंपांचा तो कारखाना चालू राहिला, आणि त्या रेल्वे स्टेशनलाही आज किर्लोस्करवाडी हेच नाव आहे.

आता आपल्या भागाकडे पाहू. १९४७ साली फाळणी झाली, तेव्हा सिंधमधून आलेली निर्वासित माणसे कल्याणजवळच्या लष्करी छावणीत राहिली. घरदार, जमीनजुमला सगळे मागे राहिले होते. १९४९ साली त्या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळाले. पापड लाटणे, कपडे शिवणे, फेरी करून माल विकणे, जे जमेल ते त्यांनी केले आणि त्यातूनच आजची बाजारपेठ उभी राहिली.

बदलापूरची जांभळे तर प्रसिद्धच आहेत. त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. पण जांभूळ फार नाजूक. झाडावरून पडले की फुटते, दोन-तीन दिवसांत खराब होते. पाटी घेऊन रस्त्याकडेला बसलेल्या आदिवासी मावशींना संध्याकाळी उरलेली फळे पडेल त्या भावाने द्यावी लागतात. ही अडचण नाही का? जांभूळ न फुटता खाली कसे उतरवावे? उरलेल्या फळांचा रस, सरबत, बियांची पूड करता येईल का? कडबा वाया जाताना पाहून जसे यंत्र सुचले, तसेच येथेही कोणाला काही सुचेल.

मित्रांनो, धंदा शोधायला फार लांब जावे लागत नाही. कोणाचा वेळ जातो, काय वाया जाते, कोणाची पाठ दुखते, हे पाहावे. आईला विचारावे, भाजीवाल्या काकांना विचारावे, शेतावरच्या आजोबांना विचारावे. आणि पालकहो, पोरगं एखादी वस्तू खोलून बसलं तर लगेच रागावू नका. लक्ष्मणरावांच्या मागे रामूअण्णा उभे राहिले, तसे तुम्हीही उभे राहा.

या भित्तिपत्रकाखाली एक कोरा कागद लावला आहे. घरात किंवा गावात दिसलेली एक अडचण आणि तिच्यावर सुचलेला एक उपाय त्यावर लिहा. पालकांनीही लिहायला हरकत नाही.

— इयत्ता ७ वी