अपेक्षित उत्तर न मिळालेला प्रयोग : अल्बर्ट मायकेल्सन



आपल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया प्रकल्प उभा राहतोय. काटकोनात ४-४ किमी लांबीच्या दोन भुजा आणि त्यांतून धावणारा लेझर प्रकाश, अशी त्याची रचना. ही मूळ कल्पना ज्यांची, त्या अल्बर्ट मायकेल्सन यांची गोष्ट मुलांना जरूर सांगा.

त्यांचा जन्म १९ डिसेंबर १८५२ रोजी, आज पोलंडमध्ये असलेल्या एका गावात झाला. ते लहान असतानाच कुटुंब अमेरिकेत गेले. वडील खाणकामगारांच्या वस्तीत दुकान चालवायचे. अल्बर्ट नौदल अकादमीत शिकले आणि पुढे तिथेच शिक्षक झाले. वर्गात दाखवायच्या प्रयोगाची तयारी करता करता त्यांना प्रकाशाचा वेग मोजायचा ध्यास लागला. १८७९ मध्ये त्यांनी तो सेकंदाला २,९९,९१० किमी इतका मोजला. आजचा आकडा सुमारे २,९९,७९२ किमी आहे. किती जवळ पोहोचले बघा!

आवाजाला जशी हवा लागते, तसा प्रकाशाला 'ईथर' लागतो, असा तेव्हा समज होता. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किमी वेगाने फिरते, म्हणजे ईथरचा वारा जाणवायलाच हवा. १८८७ मध्ये मायकेल्सन आणि एडवर्ड मोर्ले यांनी पाऱ्यावर तरंगणाऱ्या दगडी शिळेवर आरसे बसवले. प्रकाशकिरण दुभागून काटकोनात पाठवला, परत एकत्र आणला, शिळा फिरवून पाहिली. अपेक्षित फरक मिळालाच नाही! मायकेल्सन निराश झाले, पण निष्कर्ष त्यांनी लपवला नाही.

१९०५ मध्ये आइन्स्टाईन यांनी ईथरची गरजच नाही असे मांडले. धावत्या एसटीतून पुढे फेकलेल्या चेंडूला एसटीचा वेग मिळतो, पण तिच्या दिव्याच्या प्रकाशाला मिळत नाही. दिवा थांबलेला असो की धावता, निर्वात जागेत प्रकाशाचा वेग तोच.

१९०७ मध्ये मायकेल्सन यांना नोबेल मिळाले. ९ मे १९३१ रोजी ते गेले. ईथरची ओढ त्यांना शेवटपर्यंत सुटली नाही. त्यांच्याच पद्धतीच्या यंत्राने २०१५ मध्ये अमेरिकेत गुरुत्वीय लहरी प्रथम टिपल्या.

म्हणून सांगावंसं वाटतं, मुलाच्या प्रयोगवहीतलं उत्तर पुस्तकाशी जुळलं नाही तर लगेच लाल रेघ मारू नका. आधी त्याने काय पाहिलं ते विचारा.