विश्लेषण : मिरजेला डॉक्टरांचे गाव करणारे डॉ. वॉन्लेस कोण होते? किडनीचा एक दुर्मीळ आजार त्यांच्या काळात का ओळखता येत नव्हता?

कुशीत एका बाजूला महिनोन्महिने दुखते, अधूनमधून थंडी वाजून ताप येतो, वजन उतरते, लघवीची तपासणी केली की पू दिसतो. गोळ्या घेतल्या की आठ दिवस बरे, मग पुन्हा तेच. अशी तक्रार घेऊन सांगली, कोल्हापूर, बेळगाव, विजापूर भागातला माणूस आजही मिरजेची वाट धरतो. मिरजेलाच का, या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर १८८९ साली भारतात आलेल्या एका २४ वर्षांच्या डॉक्टरपर्यंत जावे लागते. त्या डॉक्टरकडे अशा रुग्णासाठी काय होते आणि काय नव्हते, हे पाहिले की किडनीचा हा किचकट आजारही समजायला सोपा जातो.

कोण होते डॉ. वॉन्लेस?

विल्यम जेम्स वॉन्लेस यांचा जन्म १ मे १८६५ रोजी कॅनडात झाला. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी वैद्यकीय शिक्षण घेतले आणि १८८९ मध्ये पदवी मिळताच अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनतर्फे ते पत्नी मेरी यांच्यासह भारतात आले. सुरुवात सांगलीत झाली, तीही एका लहानशा दवाखान्यापासून. मग त्यांनी मिरज गाठली.

ही निवड हुशारीची होती. मिरज ही पटवर्धनांच्या संस्थानाची राजधानी. पुण्याहून बेळगावकडे जाणारी रेल्वे इथून नुकतीच सुरू झाली होती आणि १८९१ मध्ये कोल्हापूरचा फाटाही मिरजेला येऊन मिळाला. बैलगाडीच्या काळात आजारी माणसाला शंभर मैल आणायचे म्हणजे त्याचे हाल करणे होते. आगगाडीने तो रात्रीतून पोहोचू लागला. संस्थानिकांनी जागा दिली, फिलाडेल्फियाचे उद्योगपती जॉन कॉन्व्हर्स यांनी बांधकामासाठी पैसे दिले आणि १८९४ मध्ये इस्पितळ उभे राहिले. गावाने त्याला मिशन हॉस्पिटल म्हटले. जुनी माणसे आजही तेच नाव घेतात.

मिशन म्हटले की धर्मप्रसार आलाच आणि वॉन्लेस यांनी तो हेतू कधी लपवला नाही. परक्या धर्माच्या, परक्या मुलखातल्या डॉक्टरच्या हाती पोट उघडू द्यायचे, त्याच्या इस्पितळातले पाणी प्यायचे, हा त्या काळच्या कुटुंबासाठी साधा निर्णय नव्हता. तो संकोच मोडला तो मुख्यतः डोळ्यांमुळे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेला आंधळा माणूस काठीशिवाय चालत गावी परतला की बाकी जाहिरातीची गरज उरत नसे. पोटातल्या आजाराचे तसे नव्हते. तिथे डॉक्टरलाही आत काय आहे ते दिसत नव्हते.

मग किडनीचा रुग्ण आला तर काय होत असे?

एक्स-रेचा शोध १८९५ चा. म्हणजे मिरजेचे इस्पितळ उघडले तेव्हा ही सोय जगात कुठेही नव्हती. शिरेतून औषध देऊन किडनी आणि मूत्रवाहिनीचा एक्स-रे काढण्याची पद्धत १९२९ च्या सुमारास रूढ होऊ लागली. तोवर वॉन्लेस मिरजेतून निवृत्तही झाले होते. सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन तर कितीतरी पुढच्या गोष्टी.

त्यामुळे शल्यचिकित्सकाची भिस्त होती ती हातावर, कानावर आणि लघवीच्या नमुन्यावर. कुशीत गाठ लागते का, दाबल्यावर दुखते का, लघवीत रक्त आहे की पू, ताप कसा चढतो आणि कसा उतरतो, एवढ्यावर अंदाज बांधायचा. मूत्राशयातला खडा सळई घालून चाचपता येत असे आणि तो काढण्यात त्या काळचे भारतातले शल्यचिकित्सक तरबेज होते. किडनीतला खडा मात्र खोल, पाठीच्या स्नायूंआड. त्यातून काय उत्पात झाला आहे हे चिरल्यावरच कळे.

किडनी ठरवून काढून टाकण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया जर्मनीतल्या हायडेलबर्ग इथे गुस्ताव्ह सिमोन यांनी १८६९ मध्ये केली होती. म्हणजे उपाय माहीत होता. अडचण अशी की दुसऱ्या बाजूची किडनी नीट चालते की नाही हे सांगणारी भरवशाची चाचणी नव्हती. तीही निकामी निघाली तर शस्त्रक्रिया फत्ते आणि रुग्ण गेला, अशी अवस्था. डायलिसिस नव्हते. पू रक्तात पसरला तर अँटिबायोटिकही नव्हते.

हा दुर्मीळ आजार नेमका काय?

आज मूत्ररोगतज्ज्ञ ज्याला एक्सजीपी म्हणतात त्याचे पूर्ण नाव झँथोग्रॅन्युलोमॅटस पायलोनेफ्रायटिस. नाव जिभेला वळण देणारे आहे, पण त्यातला झँथो म्हणजे ग्रीक भाषेत पिवळा. या आजारात किडनी कापून पाहिली तर आत पिवळ्या गाठी दिसतात, म्हणून हे नाव. व्हिएन्नाचे विकृतिशास्त्रज्ञ श्लागेनहाउफर यांनी १९१६ मध्ये त्याचे पहिले वर्णन केले. वॉन्लेस तेव्हा मिरजेत ऐन भरात काम करत होते. असा रुग्ण त्यांच्या टेबलावर आला असता तरी त्याला द्यायला नाव नव्हते. झँथोग्रॅन्युलोमा हा शब्द १९३५ चा, त्यांच्या मृत्यूनंतरचा.

आत घडते ते असे. किडनीतून लघवी बाहेर पडण्याचा मार्ग खड्याने तुंबतो. बहुतेक वेळा हा खडा साधा नसतो, किडनीच्या पोकळीत सांबराच्या शिंगासारखा फांद्या फोडून पसरलेला असतो. तुंबलेल्या लघवीत जंतू वाढतात. त्यातला प्रोटियस नावाचा जंतू विशेष त्रासदायक. तो लघवीतल्या युरियाचे विघटन करून अमोनिया तयार करतो, लघवी अल्कलीधर्मी होते आणि त्यातले मॅग्नेशियम-फॉस्फेट साचून खडा आणखी वाढतो. खड्यामुळे जंतू, जंतूंमुळे खडा. नळ तुंबलेला असताना टाकीत नुसते औषध ओतून भागत नाही, तसेच इथे. गोळ्यांनी ताप उतरतो, पण मूळ जागचे हलत नाही.

शरीराच्या संरक्षक पेशी ही घाण गिळायला धावतात, त्यातली चरबी पोटात साठवून फुगतात आणि तिथेच अडकून बसतात. हळूहळू चांगल्या ऊतीची जागा या चरबीने भरलेल्या पेशी घेतात. किडनी आकाराने मोठी होते आणि काम करेनाशी होते. आजार सहसा एकाच बाजूला असतो आणि मध्यमवयीन स्त्रियांमध्ये अधिक आढळतो. दुखणे अंगावर काढण्याची सवय कोणाला जास्त, हे वेगळे सांगायला नको.

निदान अजूनही का चुकते?

कारण हा आजार सोंगे घेतो. वजन उतरणे, रक्त कमी होणे, कुशीत गाठ, आणि स्कॅनमध्ये वाढलेली वेडीवाकडी किडनी, ही सगळी लक्षणे कर्करोगाचीही आहेत. सीटी स्कॅनमध्ये किडनीतल्या फुगलेल्या, काळसर गोल जागा मिळून अस्वलाच्या पंजासारखी आकृती दिसली आणि मध्ये मोठा खडा असला तर डॉक्टरांना एक्सजीपीची शंका येते. पक्के निदान मात्र काढलेल्या किडनीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली गेल्यावरच होते.

दुसरे सोंग क्षयाचे. किडनीलाही क्षय होतो. लघवीत पू आहे, पण नेहमीच्या कल्चरमध्ये जंतू वाढत नाहीत, असे असेल तर क्षयाची तपासणी करावी लागते. हा फरक महत्त्वाचा, कारण क्षयाला आधी औषधे लागतात, तर एक्सजीपीत पूर्ण निकामी झालेली किडनी काढावीच लागते. आधी अँटिबायोटिक देऊन, गरज पडल्यास नळी घालून पू काढून जंतुसंसर्ग आटोक्यात आणतात. दुसरी किडनी किती काम करते हे आता चाचणीने मोजता येते. शस्त्रक्रिया तशी अवघडच, कारण सुजलेली किडनी आतड्याला, पाठीच्या स्नायूला चिकटलेली असते. दुर्बिणीतून सुरू केलेली शस्त्रक्रिया मध्येच उघडी करावी लागू शकते. आजार किडनीच्या एखाद्याच भागात असेल तर कधी तेवढाच भाग काढून भागते. दुसरी किडनी धडधाकट असेल तर रुग्ण पुढे नेहमीसारखे आयुष्य जगतो.

वॉन्लेस यांनी मागे काय ठेवले?

क्षयावर त्यांच्या काळात औषध नव्हते. स्ट्रेप्टोमायसिन आले ते १९४० च्या दशकात. मोकळी हवा, विश्रांती, दूध-अंडी आणि घरच्यांपासून वेगळे राहणे, एवढाच इलाज. त्यासाठी १९२० मध्ये सांगली आणि मिरजेच्या मध्ये क्षयरोग्यांचे आरोग्यधाम उभे राहिले. त्याआधी १९०० मध्ये कुष्ठरोग्यांसाठी आश्रम उभारण्यातही त्यांचा हात होता. या दोन्ही रुग्णांना घरातही जागा नसे, तेव्हाची ही गोष्ट.

पण त्यांचे सर्वांत दूरदृष्टीचे काम १८९७ चे मानायला हवे. एकटा डॉक्टर किती शस्त्रक्रिया करणार? इस्पितळ सुरू होऊन तीनच वर्षे झाली असताना त्यांनी मिरजेत वैद्यकीय शिक्षण देणारी शाळा सुरू केली. मिशनने चालवलेली ती भारतातली पहिली वैद्यकीय शाळा मानली जाते. इथे शिकलेली मुले टेबलापाशी उभी राहून शस्त्रक्रिया पाहत, हात लावत आणि मग दूरदूरच्या इस्पितळांत जात. ज्या तरुणाला घरी इंग्रजी वैद्यकाचा गंधही नव्हता, त्याच्या हाती चाकू देण्याचा हा धीर होता. निव्वळ नामवंत शल्यचिकित्सक म्हणून वॉन्लेस जगले असते तर त्यांच्यासोबत मिरजेचा लौकिकही बोटीत बसून गेला असता.

ते बोटीत बसले १९२८ मध्ये. त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने त्यांना सर हा किताब दिला. आणि त्याच वर्षी लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या बशीत बुरशीभोवतीचे जंतू मेलेले दिसले, ज्यातून पुढे पेनिसिलिन आले. जवळपास ४० वर्षे वॉन्लेस यांनी पेनिसिलिनशिवाय पोटे उघडली आणि शिवली. ३ मार्च १९३३ रोजी, ६७ व्या वर्षी अमेरिकेत त्यांचे निधन झाले.

मिरजेत त्यांच्यानंतर डॉ. चार्ल्स वेल यांनी इस्पितळ सांभाळले. १९६२ मध्ये मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि एकेक करत गल्लोगल्ली दवाखान्यांच्या पाट्या लागल्या. मेरी यांचे नाव कोल्हापुरातल्या इस्पितळाला आहे. क्षयरोग्यांच्या आरोग्यधामाभोवती वस्ती वाढत गेली. सांगली-मिरज रस्त्यावरची ती वॉन्लेसवाडी. रोज तिथून ये-जा करणाऱ्या कित्येकांना ते एखाद्या माणसाचे आडनाव आहे हे ठाऊकही नसते.