विश्लेषण : कोरियाच्या स्वातंत्र्यलढ्यासाठी लेखणी उचलणारे जपानी समीक्षक यानागी कोण होते?

कोरियात १ मार्च १९१९ रोजी स्वातंत्र्याचे आंदोलन पेटले, तेव्हा जपानी वृत्तपत्रांना त्यात केवळ दंगल दिसली. त्याच जपानमधील कलासमीक्षक यानागी मुनेयोशी (सोएत्सु) यांनी मात्र आपल्याच देशाला जाब विचारला.

मार्च १९१९ मध्ये काय घडले?

जपानने १९१० मध्ये कोरिया खालसा केला. १ मार्च १९१९ रोजी ३३ प्रतिनिधींच्या सह्यांचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा सोलमधील पॅगोडा बागेत वाचला गेला आणि निदर्शने देशभर पसरली. ती लष्कराच्या बळावर चिरडण्यात आली. मृतांची जपानी सरकारी संख्या काही शेकड्यांत होती, तर कोरियन इतिहासकार पार्क उन-सिक यांनी ती साडेसात हजारांवर नोंदवली.

जपानी वृत्तपत्रांची भूमिका काय होती?

बहुतेक वृत्तपत्रांनी सरकारचीच री ओढली. विदेशी मिशनऱ्यांनी आणि चोंदोग्यो या धर्मपंथाने साध्याभोळ्या लोकांना चिथावले, असा त्यांचा सूर होता. योशिनो साकुझो यांच्यासारखे मोजके विचारवंत सरकारी धोरणावर टीका करत होते.

यानागी कोरियाकडे कसे वळले?

१८८९ मध्ये टोकियोत जन्मलेले यानागी ‘शिराकाबा’ या साहित्य-कला मासिकाच्या गटातले. शिल्पकार रोदँ यांनी या गटाला पाठवलेली शिल्पे पाहण्यासाठी १९१४ मध्ये सोलमधील शिक्षक आसाकावा नोरिताका त्यांच्या घरी आले. येताना त्यांनी भेट म्हणून कोरियन चिनी मातीचे भांडे आणले. त्या भांड्याने यानागींना वेड लावले. १९१६ मध्ये ते प्रथम कोरियाला गेले.

त्यांनी काय लिहिले?

मे १९१९ मध्ये ‘योमिउरी’ दैनिकात त्यांची लेखमाला आली. ज्यांची कला आपण डोक्यावर घेतो, त्या लोकांचा आवाज बंदुकीने दाबता येणार नाही, असा तिचा मथितार्थ होता. शस्त्र उचलण्याचा मार्ग त्यांनी कोरियनांनाही सुचवला नाही. १९२० मध्ये कोरियन मित्रांना उद्देशून लिहिलेल्या लेखावर सेन्सॉरची कात्री चालली. त्याच वर्षी त्यांच्या पत्नी, गायिका कानेको यांनी कोरियात गाण्याचे कार्यक्रम केले.

लेखणीचा परिणाम झाला का?

राज्यकारभार बदलला नाही. पण नव्या सरकारी इमारतीसाठी सोलचा ग्वांगह्वामुन दरवाजा पाडण्याचे घाटत होते, तेव्हा १९२२ मध्ये यानागींनी त्याविरुद्ध लिहिले. अखेर दरवाजा पाडण्याऐवजी दुसरीकडे हलवण्यात आला. १९२४ मध्ये त्यांनी सोलच्या राजवाड्यातच कोरियन लोककलेचे संग्रहालय उघडले. ते टोकियोला न नेता कोरियातच ठेवले, हे महत्त्वाचे. पुढे १९३६ मध्ये टोकियोत जपानी लोककला संग्रहालय उभे राहिले.

आज त्यांच्याकडे कसे पाहिले जाते?

१९६१ मध्ये यानागींचे निधन झाले. १९८४ मध्ये दक्षिण कोरियाने त्यांना मरणोत्तर सांस्कृतिक सन्मान दिला. टीकाही झाली. कोरियन कलेत त्यांना दुःखाचे सौंदर्य दिसे. ही दृष्टी राज्यकर्त्यांच्या समाजातील माणसाची असून ती कोरियनांना कायमचे दुबळे ठरवते, असा आक्षेप कोरियन अभ्यासकांनी घेतला. तो आक्षेप खोडून काढणे सोपे नाही. तरीही १९१९ च्या त्या वसंतात, बहुतेक जपानी लेखक गप्प असताना, यानागींनी आपल्या नावानिशी लिहिले होते.