कादंबरीकार हरिभाऊ आपटे

(इतिहासात राजे, लढाया आणि तारखा असतात. इतिहासावर कादंबरी लिहिणाऱ्याला याहून आणखी काय शोधावे लागते, हे या पाठात एका लेखकाच्या जीवनातून सांगितले आहे.)

कोरेगावहून पंढरपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर वर्धनगड हा किल्ला लागतो. तो शिवाजी महाराजांच्या काळात बांधला गेला. किल्ला कोणी बांधला, केव्हा बांधला, हे इतिहासाच्या पुस्तकात वाचायला मिळते. पण रात्री तटावर पहारा करणाऱ्या शिपायाच्या मनात काय येत असेल? घरी त्याची वाट कोण पाहत असेल? हे कोणत्याही कागदावर लिहिलेले नसते. ते कल्पनेनेच उभे करावे लागते. पण कल्पनाही वाटेल तशी चालत नाही. आधी तो काळ नीट समजून घ्यावा लागतो. मराठीत हे अवघड काम ज्यांनी पुष्कळ वर्षे नेटाने केले, ते म्हणजे हरी नारायण आपटे. लोक त्यांना आदराने हरिभाऊ म्हणत.

हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातील पारोळे या गावी झाला. त्यांचे शिक्षण मुंबईत व पुण्यात झाले. लहानपणापासून त्यांना वाचनाचे फार वेड होते. मात्र गणित हा विषय त्यांना कधी जमला नाही. त्यामुळे कॉलेजात जाऊनही त्यांना पदवी मिळाली नाही. पण त्यांनी अभ्यास सोडला नाही. मराठी, संस्कृत आणि इंग्रजी पुस्तके ते सतत वाचत राहिले. त्यांचे चुलते महादेव चिमणाजी आपटे यांनी १८८८ साली पुण्यात आनंदाश्रम ही संस्था काढली. तेथे जुनी संस्कृत हस्तलिखिते जपून ठेवली जात. या संस्थेचा कारभार पुढे हरिभाऊंनी पाहिला. जुन्या पोथ्या, जुने कागद यांच्या सहवासातच त्यांचे दिवस गेले.

१८९० साली हरिभाऊंनी ‘करमणूक’ नावाचे साप्ताहिक सुरू केले. त्यात त्यांच्या कादंबऱ्या थोड्याथोड्या छापून येत. एक प्रकरण वाचून झाले, की पुढे काय होणार याची वाचक आठवडाभर वाट पाहत.

त्याच सुमारास दूर लखनौलाही असेच घडत होते. उर्दू लेखक अब्दुल हलीम शरर यांनी १८८७ साली ‘दिलगुदाज’ हे मासिक काढले आणि त्यात ऐतिहासिक कादंबऱ्या छापायला सुरुवात केली. इंग्रजीतील वॉल्टर स्कॉट याच्या कादंबऱ्या या दोन्ही लेखकांनी वाचल्या होत्या. भाषा वेगळ्या, गावे वेगळी. पण आपला इतिहास आपल्या भाषेत गोष्टीच्या रूपाने सांगावा, ही ओढ दोघांचीही होती.

हरिभाऊंची पहिली ऐतिहासिक कादंबरी ‘म्हैसूरचा वाघ’. ती टिपू सुलतानाच्या काळातील आहे. पण ती एका इंग्रजी कादंबरीच्या आधाराने लिहिलेली होती. स्वतंत्रपणे लिहायचे, तर साधने हवीत. ती कोठून आणायची? ग्रँट डफ हा इंग्रज अधिकारी पूर्वी साताऱ्यात राहत होता. त्याने लिहिलेला मराठ्यांचा इतिहास १८२६ साली प्रसिद्ध झाला होता. काही जुन्या बखरीही छापल्या गेल्या होत्या. पण पुष्कळसे कागद अजून वाड्यांतील दप्तरांतच पडून होते. वाईला सापडलेले कागद इतिहाससंशोधक राजवाडे यांनी छापले, ते १८९८ साली. हरिभाऊंची ‘उषःकाल’ ही कादंबरी त्याआधीच, १८९५ ते १८९७ या काळात ‘करमणुकी’त आली.

कागद थोडे होते. म्हणून हरिभाऊंनी माणसांच्या मनाकडे लक्ष दिले. ‘उषःकाल’मध्ये एक म्हातारा किल्लेदार आहे. ज्यांचे अन्न खाल्ले, त्या विजापूरच्या दरबाराशी इमान राखायचे, असे तो मानतो. त्याच्या मुलाला मात्र शिवाजी महाराजांच्या स्वराज्याची ओढ लागली आहे. दोघेही प्रामाणिक आहेत. दोघांचेही एकमेकांवर प्रेम आहे. मग कोणी माघार घ्यावी? हा प्रश्न वाचकालाही बेचैन करतो. बापाला वाईट ठरवले असते, तर गोष्ट सोपी झाली असती. हरिभाऊंनी तसे केले नाही.

पुढे त्यांनी निरनिराळ्या काळांवर लिहिले. ‘चंद्रगुप्त’ या कादंबरीसाठी ते दोन हजार वर्षांहून अधिक मागे, मौर्यांच्या काळात गेले. तेथे त्यांना ‘मुद्राराक्षस’ या संस्कृत नाटकाचा आधार मिळाला. ‘रूपनगरची राजकन्या’ ही कादंबरी औरंगजेबाच्या काळातील राजपुतान्याची आहे. ‘वज्राघात’मध्ये १५६५ साली झालेला विजयनगरचा शेवट आहे. त्यातही एक बाप व एक मुलगा आहे. आपला बाप कोण, हे मुलाला ठाऊक नाही आणि तो बापाच्या शत्रूंना जाऊन मिळतो. काळ बदलला, वेश बदलला, तरी माणसाचे दुःख तेच राहते, हे हरिभाऊंनी जाणले होते.

पण कादंबरीचा जोर मोठा असतो. ‘गड आला पण सिंह गेला’ ही त्यांची तानाजी मालुसरे यांच्यावरील कादंबरी अतिशय गाजली. १९२३ साली बाबूराव पेंटर यांनी तिच्यावरून ‘सिंहगड’ हा मूकपट काढला. १६७० साली तानाजीने प्राण दिले, म्हणून कोंढाण्याचे नाव सिंहगड पडले, ही समजूत घरोघर पक्की झाली. पुढे जुनी पत्रे तपासली गेली. त्यांतील १६६३ सालच्या एका पत्रातच सिंहगड हे नाव आढळले! म्हणजे हे नाव तानाजीच्या मृत्यूपूर्वीचे होते. यामुळे तानाजीचा पराक्रम मुळीच कमी होत नाही. मात्र, गोष्ट ऐकून आपले मन भरून आले, तरी कागद काय सांगतो तेही पाहावे लागते.

हरिभाऊ केवळ लेखणी घेऊन बसणारे नव्हते. पुण्यात प्लेगची साथ आली, तेव्हा त्यांनी लोकांसाठी काम केले. पुढे ते पुणे नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. १९१२ साली अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांना मिळाले. इतक्या कामांत त्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या. ‘सूर्यग्रहण’ आणि ‘कालकूट’ या त्यांपैकीच. ३ मार्च १९१९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

शब्दार्थ
तट – किल्ल्याची भिंत
नेटाने – चिकाटीने
हस्तलिखित – हाताने लिहिलेले पुस्तक
साधने – इतिहास लिहिण्यासाठी लागणारे कागद, पुरावे
बखर – जुन्या काळी लिहिलेली इतिहासाची हकिकत
इमान – निष्ठा

स्वाध्याय
१. हरिभाऊंना पदवी का मिळाली नाही?
२. ‘उषःकाल’मधील बाप व मुलगा यांच्यात कोणता मतभेद होता?
३. हरिभाऊ आपटे व अब्दुल हलीम शरर यांच्यातील दोन सारख्या गोष्टी लिहा.
४. सिंहगड हे नाव तानाजीच्या मृत्यूपूर्वीचे आहे, हे कशावरून समजले?
५. तुमच्या गावाजवळच्या एखाद्या जुन्या किल्ल्याची, मशिदीची, मंदिराची किंवा वाड्याची माहिती मोठ्या माणसांना विचारून आठ-दहा ओळींत लिहा.