दिवस थोडे, गाणी बारा

वाईहून पसरणीचा घाट चढला की वर पाचगणी लागते. बँकेतल्या नोकरीची तीन वर्षे मी वाईच्या शाखेत काढली, आणि पाहुणे आले की त्यांना घेऊन घाट चढायचा हा आमच्या घरचा शिरस्ता होता. सेंट पीटर्स शाळेवरून कितीदा तरी गेलो असेन. त्या शाळेत वाढलेला एक मुलगा पुढे जगभर गाजलेला गायक झाला, हे मात्र मला कळले ते तो गेल्यावर. नोव्हेंबर १९९१ मध्ये फ्रेडी मर्क्युरीच्या निधनाची बातमी आली. त्याच आठवड्यात माझ्या पुतण्याने एक कॅसेट आणून माझ्या हातात ठेवली. तिचे नाव होते ‘इन्युएन्डो’. वसंतराव आणि कुमारांवर पोसलेला माझा कान. पहिल्या पाच मिनिटांतच मी आवाज कमी करायला सांगितले. पण कॅसेट बंद करायला मात्र सांगितले नाही.

फ्रेडीचे मूळ नाव फारोख बुलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६ चा, झांजीबारमधल्या पारशी कुटुंबातला. बुलसारा हे आडनाव बलसाडवरून, म्हणजे आजच्या वलसाडवरून आलेले. वडील बोमी हे ब्रिटिश सरकारच्या नोकरीत रोखपाल होते. मुलगा आठेक वर्षांचा झाला तेव्हा त्यांनी त्याला समुद्रापलीकडे पाचगणीला शिकायला पाठवले. तिथे तो पियानो शिकला, फारोखचा फ्रेडी झाला आणि १९५८ मध्ये वर्गमित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाच्या वाद्यवृंदात वाजवू लागला. जानेवारी १९६४ मध्ये झांजीबारमध्ये क्रांती झाली आणि बुलसारा कुटुंबाने इंग्लंड गाठले. लंडनजवळच्या फेल्टममध्ये त्यांनी बिऱ्हाड थाटले. फ्रेडीने ईलिंगच्या कला महाविद्यालयातून ग्राफिक कलेची पदविका घेतली. ‘क्वीन’ या आपल्या बँडचे बोधचिन्हही पुढे त्यानेच काढले.

१९७० मध्ये गिटारवादक ब्रायन मे आणि ड्रमवादक रॉजर टेलर यांच्यासह ‘क्वीन’ उभा राहिला, आणि पुढच्या वर्षी बेस गिटारवादक जॉन डीकन येऊन मिळाला. कर्कश विजेची गिटार, दणदणीत ड्रम आणि त्या सगळ्यावर चढलेला गायकाचा आवाज, असा हा हार्ड रॉकचा प्रकार. फ्रेडीने त्यात ऑपेरा आणला. १९७५ चे ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ जवळजवळ सहा मिनिटांचे. एवढे लांब गाणे रेडिओ वाजवणार नाही, असे जाणकार सांगत होते. ते ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले.

या गाण्याच्या तबकडीत मला बँकवाला म्हणून वेगळाच रस आहे. तबकडीच्या मागच्या बाजूला टेलरचे एक गाणे होते. लोकांनी तबकडी घेतली ती पुढच्या बाजूसाठी, पण मानधनाचा वाटा दोन्ही बाजूंना सारखाच मिळतो. ज्याच्या नावावर गाणे, त्याला पैसे! यावरून चौघांत अनेक वर्षे धुसफूस चालली. भागीदारीच्या धंद्यात अशी खाती शेवटी कुठे जातात, ते मी पुष्कळ पाहिले आहे.

इथे मात्र उलटे घडले. १९८७ मध्ये फ्रेडीला एचआयव्हीची लागण झाल्याचे निदान झाले. त्या काळात या आजारावर नीट इलाज नव्हता. १९८९ च्या ‘द मिरॅकल’पासून चौघांनी ठरवले, की गाणे कुणीही रचलेले असो, नाव चौघांचे लागेल. आणि त्याच बोलीवर ‘इन्युएन्डो’ सुरू झाला.

१९८९ आणि १९९० या वर्षांत लंडन आणि स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो इथे ही बारा गाणी तयार झाली. बँडला खरे काय ते ठाऊक होते, जगाला नव्हते. अंगात बळ असेल त्या दिवशी फ्रेडी स्टुडिओत येई, बाकीचे तिघे तयारीत असत. नावाचे गाणे साडेसहा मिनिटांचे, आणि त्याच्या मधोमध अचानक स्पॅनिश फ्लेमेंको गिटार येते. ती वाजवायला ‘येस’ या बँडचा स्टीव्ह हाऊ आला होता. एक गाणे चक्क फ्रेडीच्या डिलायला नावाच्या मांजरीवर आहे. दिवस मोजके उरलेल्या माणसाने मांजरीवर गाणे करावे, हे मला फार आवडते.

शेवटचे, बारावे गाणे ‘द शो मस्ट गो ऑन’. त्याची बरीचशी रचना मे यांची. सूर इतके उंच, की हे या प्रकृतीत त्याला झेपेल का, अशी त्यांना धास्ती वाटली. मे यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे फ्रेडीने व्होडकाचा घोट घेतला आणि ते गाऊन मोकळा झाला. आवाजात आजार शोधू गेलात तर सापडत नाही.

फेब्रुवारी १९९१ मध्ये अल्बम आला आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. मे महिन्यात एका गाण्याचे चित्रीकरण झाले. त्यात तो कमालीचा खंगलेला दिसतो. तरीही तो माँत्रोला गातच होता. ‘मदर लव्ह’चे शेवटचे कडवे त्याच्याच्याने झाले नाही, ते पुढे मे यांनी गायले. २३ नोव्हेंबरला त्याने आपल्या आजाराचे निवेदन काढले आणि दुसऱ्याच दिवशी, पंचेचाळिसाव्या वर्षी, तो लंडनच्या राहत्या घरी गेला. अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी केले.

इतके दिवस तो गप्प राहिला, याबद्दल त्याला दोषही दिला गेला. त्याच्यासारख्याने आधी तोंड उघडले असते तर या आजारावरचा कलंक थोडा पुसला असता, हे म्हणणे खोटे नाही. त्या वर्षांत आपल्याकडेही हा शब्द घरात कुणी उच्चारत नसे. मीही एके काळी हेच मत मांडत असे.

ते बदलले वडिलांमुळे. त्यांना कर्करोग झाला तेव्हा आम्ही भावंडांनी ते त्यांच्यापासून लपवले. डॉक्टरांना डोळ्यांनी खुणावले, रिपोर्ट कपाटात दडवले. आपल्या घरांतून असेच चालते. ते गेल्यावर त्यांची पासबुके पाहिली, तर प्रत्येक खात्यावर आईचे नामांकन नव्याने केलेले होते, विम्याचे कागद एका दोऱ्यात बांधलेले होते. तारखा शेवटच्या तीन महिन्यांच्या. त्यांना सगळे ठाऊक होते. ते बोलले असते, तर घरातला प्रत्येक माणूस त्यांच्याकडे रोगी म्हणून बघू लागला असता, आणि मग ती कामे त्यांना कुणी करू दिली नसती.

फ्रेडीचे मौन मला तेव्हापासून थोडे कळते. त्याने आजार जाहीर केला असता, तर त्या बारा गाण्यांकडे कुणी गाणी म्हणून पाहिले नसते. सहानुभूती आधी आली असती. त्या मौनाची किंमत होती, आणि ती इतर रुग्णांनीही मोजली, हे विसरता येत नाही. एप्रिल १९९२ मध्ये बाकीच्या तिघांनी लंडनच्या वेम्ब्ली मैदानात त्याच्या स्मरणार्थ मोठा कार्यक्रम केला, आणि त्यातून एड्सविरोधी कामासाठी मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट उभा राहिला. फ्रेडी जे बोलला नव्हता, ते त्यांनी हजारोंसमोर बोलून दाखवले.

पुतण्याची ती कॅसेट पुढे टेप गुंतून गेली. आता गाणी फोनवर मिळतात. कधी तरी रात्री बारावे गाणे लावतो, आणि आवाज कमी करावासा वाटत नाही. रोखपालाच्या या मुलाने दिवस मावळायच्या आत आपली रोकड जुळवली होती, एवढे मला त्यातून ऐकू येते.