गिरमिटाच्या कायद्याशी गोखल्यांची झुंज

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव निघाले की गांधीजींचे राजकीय गुरू एवढी ओळख पुढे येते आणि चरित्र तेथेच आटोपते. परदेशी धाडल्या जाणाऱ्या मजुरांच्या भरतीविरुद्ध त्यांनी अखेरच्या वर्षांत जे काम केले, ते मात्र मागे पडले आहे.

त्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे झाला. वडील कागलला नोकरीस होते. त्यांच्या अकाली निधनानंतर थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून धाकट्याला शिकविले. पुढे अध्यापन, न्यायमूर्ती रानडे यांचे शिष्यत्व आणि १९०५ मध्ये भारत सेवक समाजाची स्थापना.

गिरमिट म्हणजे पाच वर्षांचा करार. गावोगाव फिरणारे भरतीचे दलाल, ज्यांना उत्तरेत आरकाटी म्हणत, निरक्षर माणसाला गोड बोलून डेपोपर्यंत आणीत. तेथे अधिकाऱ्यासमोर करार होई. कागदोपत्री सारे कायदेशीर आणि मजुराच्या संमतीचे! परंतु कोणत्या देशी जायचे, मालक कोण, याची त्या मजुराला कल्पनाही नसे. शिवाय कामावर गैरहजर राहणे हा फौजदारी गुन्हा होता. त्यासाठी तुरुंगवास होई. गोखल्यांचा मुख्य आक्षेप यावरच होता. न कळता दिलेल्या संमतीला ते संमती मानायला तयार नव्हते. त्यांच्या रत्नागिरीतूनही कित्येक कुटुंबे मुंबई बंदरातून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर गेली होती. त्यांचे वंशज आजही तेथे गणेशोत्सव साजरा करतात.

२५ फेब्रुवारी १९१० रोजी गोखल्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात नाताळ वसाहतीसाठीची भरती बंद करण्याचा ठराव आणला. सरकारने तो स्वीकारला आणि जुलै १९११ पासून ती भरती थांबली. ४ मार्च १९१२ रोजी संपूर्ण पद्धतच रद्द करण्याचा ठराव त्यांनी मांडला. तो २२ विरुद्ध ३३ मतांनी फेटाळला गेला. मंडळात बहुमत सरकारचे होते.

त्याच वर्षी, मधुमेहाने प्रकृती खालावलेली असतानाही, ते दक्षिण आफ्रिकेस गेले. नाताळमध्ये गिरमिट संपवून तेथेच राहणाऱ्यांवर वार्षिक तीन पौंडांचा कर होता. पहिल्या वर्षी महिना दहा शिलिंग मिळविणाऱ्या मजुराची ती सहा महिन्यांची कमाई! घरातील स्त्रिया व वयात आलेली मुलेही त्यातून सुटत नसत. या दौऱ्यात गांधीजींच्या आग्रहावरून, श्रोत्यांत कोकणी मुसलमान असल्याने, गोखले मराठीत बोलले आणि गांधीजींनी त्याचे हिंदुस्तानीत भाषांतर केले. प्रिटोरियात बोथा व स्मट्स यांना भेटून कर रद्द होणार अशी समजूत घेऊन ते परतले. तसे घडले नाही. १९१३ मध्ये हजारो मजुरांनी संप केला, गोखल्यांनी हिंदुस्थानात त्यांच्यासाठी निधी जमविला, आणि १९१४ च्या कायद्याने तो कर गेला.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या ४८ व्या वर्षी, पुण्यात त्यांचे निधन झाले. मार्च १९१६ मध्ये पंडित मदनमोहन मालवीय यांनी तोच विषय कायदेमंडळात पुन्हा मांडला. या वेळी व्हाइसरॉय हार्डिंज यांच्या सरकारने तत्त्वतः मान्यता दिली. १९१७ मध्ये भरती थांबली, आणि फिजीतील उरलेले करार १ जानेवारी १९२० रोजी रद्द झाले.